राणी रंगाचा दुसरा हात

"खाली उतर," कप्तान म्हणाला. "आधी खाली उतर."

ती उतरली नाही. शिडीवर उभ्या उभ्या तिनं रोलर डब्यात बुडवला, निथळू दिला आणि समुद्राकडच्या भिंतीवर राणी रंगाचा दुसरा हात मारायला घेतला. पाठीमागे समुद्र गरजत होता आणि त्याच्या पुढे नवरा.

"घर विकायला काढलंय मी. आणि तू त्याचा सर्कशीचा तंबू करून ठेवतेयस?"

"विकायचं तर रंग नको का द्यायला?" आवाज तिनं अगदी साधा ठेवला.

"पांढरा द्यायचा. शहाणी माणसं पांढरा देतात."

खाडीपलीकडे जाणारी फेरीबोट त्यानं जन्मभर चालवली. निवृत्त झाला तेव्हा बोट सुटली, पण सुकाणू घरी आलं. कुठली खिडकी उघडायची, कुणाकडे जायचं, कुणाशी संबंध तोडायचे, सगळं तोच ठरवी. आता ठरलं होतं की घर विकून मुलाशेजारी फ्लॅट घ्यायचा. तिला ते कळलं जेवताना. "तुझी सही तेवढी लागेल," तो म्हणाला होता, मीठ मागावं इतक्या सहज. घर तिच्या आत्याचं. आईमागे आत्यानंच तिला वाढवलं आणि जाताना घर तिच्या नावावर केलं. त्या दिवशी पुढचा घास तिला खडीसारखा लागला. पण तिनं तो गिळला, ताटं उचलली आणि दुसऱ्या दिवशी उठून बाजारातून रंगाचे डबे आणले.

शाळेत तिनं वर्षानुवर्षं चित्रकला शिकवली होती. कुठले रंग शेजारी शेजारी गुण्यागोविंदानं नांदतात आणि कुठले एकमेकांच्या उरावर बसतात, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. उरावर बसणारे रंग तिनं वेचून वेचून आणले. खाऱ्या वाऱ्यानं फुगलेला जुना चुना तारेच्या ब्रशनं खरवडून काढला. भिंती गोड्या पाण्यानं धुतल्या, प्रायमर मारला. राणी रंगाला खेटून पोपटी. दार शेंदरी, खिडक्या जांभळ्या, गॅलरीचा कठडा झगझगीत पिवळा. ओल्या रंगावर वाळू उडून चिकटली, ती तशीच राहू दिली. हात इतके भरून येत की वेणी घालता येत नसे. राग मात्र दमत नव्हता.

कप्तान चिडचिडला, ओरडला, शेजाऱ्यांना सांगून आला की वय झालं की बायकांचं असं होतं. रंगारी बोलावला, तर तो म्हणाला, या रंगावर पांढरा चढवायचा तर चार हात तरी लागतील. आणि गिऱ्हाईकं तर दारात येऊन उभी राहायला लागली होती.

पहिलं कुटुंब गाडीतून उतरलंच नाही. फाटकाशीच गाडी वळवली. दुसरा गृहस्थ आत आला, चारी भिंतींकडे बघून काळा चष्मा चढवला आणि पाणीही न पिता गेला. एजंट कप्तानाचा फोन उचलेनासा झाला. ती स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. कितीतरी दिवसांनी तिला स्वस्थ झोप लागली. आपलं म्हणणं भिंती बरोबर सांगताहेत, असं तिला वाटलं.

मग ती डॉक्टरीण आली. दातांची डॉक्टर, एकटीच. फाटकाशी उभी राहून तिनं घर खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"रंगाचं मनावर घेऊ नका," कप्तान घाईनं म्हणाला. "तुम्ही यायच्या आत पांढरं करून देतो."

"हात लावू नका त्याला," डॉक्टरीण म्हणाली. "या किनाऱ्यावरची बाकीची घरं नुसती गप्प बसलीत. हे एकटंच भांडतंय. मला हेच हवंय."

कप्तानाची बायको दाराशी उभी राहून हे ऐकत होती. इतके दिवस राबून तिनं आपल्याच हातांनी घर सजवलं होतं आणि दुसरीच्या ओटीत घातलं होतं.

"रंग कुणी निवडले?" डॉक्टरिणीनं विचारलं.

"मीच," कप्तान म्हणाला. त्याला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. "उभा जन्म समुद्रावर गेला माझा, नजर तयार झालेली. हिला काय, पोरांना सफरचंद रंगवायला शिकवता येतं. मी सांगत गेलो, ही मारत गेली."

तिच्या कानशिलांतून जाळ निघाला. इतके दिवस जो राग ती भिंतीवर थापत होती तो आता घशाशी आला आणि तिथं थांबला नाही.

"घर विकायचं नाही," ती म्हणाली.

कप्तान हसला. "गंमत करतेय ही. जा, आत जाऊन चहा ठेव."

"चहा नाही ठेवणार. घर माझ्या आत्यानं मला दिलंय. मी सही करणार नाही. तुम्हाला मुलाकडे जायचं असेल तर जा. बॅग मी भरून देते."

डॉक्टरीण एकदा कप्तानाकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. मग तिचाही पारा चढला.

"अहो, मग मला एवढ्या लांबून बोलावलंत कशाला?" तिनं कप्तानाला विचारलं. "यांना विकायचं नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

उत्तर त्याच्या बायकोनंच दिलं. रागानं तिचा आवाज अजून कापत होता.

"त्यांना कसं माहीत असणार? लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा नाही म्हणतेय मी."