एकाच घरातले

मुलाखतीच्या आधी साहेबांनी माझ्यापुढे पेढ्यांचा बॉक्स धरला. "घ्या ताई. चिरंजीवांच्या नव्या गाडीचे आहेत."

गाडी खिडकीतून दिसत होती. बॉनेटवर अजून झेंडूचा हार होता. चिरंजीव दिवाळीनंतर कंपनीत रुजू झाले आणि गाडी कंपनीनेच दिली, हेही साहेबांनी कौतुकाने सांगितलं. चिरंजीव अजून झोपेतून उठायचे होते, म्हणून आज गाडी साहेबच घेऊन आले होते.

मग पगाराचा विषय निघाला. अकाउंट्समधला माझा बारा वर्षांचा अनुभव त्यांनी चष्मा लावून वाचला आणि चष्मा काढून माझा आकडा निम्म्यावर आणला.

"ताई, इथे आकड्याकडे बघायचं नाही. आपण सगळे एकाच घरातले. गणपतीची आरती एकत्र, दिवाळीचा फराळ एकत्र. मार्चमध्ये रविवारीही बोलावतो, पण कुणी कुरकुरत नाही. घरच्या कामाला कसली आलीय सुट्टी?"

"खरंय," मी पेढा तोंडात टाकत म्हणाले. "मलाही असंच घरच्यासारखं वातावरण हवं होतं. मग माझा आकडा सोडूनच द्या. घरात डावं-उजवं बरं दिसत नाही. चिरंजीवांना जेवढा पगार देता, तेवढाच मला द्या. गाडी नको, मी माझ्या स्कूटीवर येईन."

साहेबांनी बॉक्सचं झाकण नीट दाबून लावलं.

"बायोडेटा ठेवून जा, मॅडम," ते म्हणाले. "आम्ही कळवतो."