निळा पूल

तापीवर होणाऱ्या नव्या पुलाचे नकाशे काढायचं काम सुकलालकडे होतं. वैशाखातल्या एका सकाळी नकाशाची प्रत काढायला त्यानं अंगणात काचेखाली नकाशा आणि त्याखाली उन्हात छाप उमटवणारा मसाला लावलेला कागद ठेवला. ऊन खाऊन झाल्यावर कागद घमेल्यातल्या पाण्यात बुडवला. बघता बघता तो निळाभोर झाला आणि त्यावर पांढऱ्या रेघा उमटल्या.

"हाई काय शे रे?" त्याची आई जमनाबाई धावत आली.

"तापीवरना पूल, माय. दोन वरीसमा व्हई जाई."

जमनाबाई घमेल्यापाशी बसली. तिची लेक मंगला पलीकडच्या काठावर दिलेली. गेल्या श्रावणात ती बाळंत झाली आणि नदीला पूर आला. पाणी ओसरून नातू हातात येईपर्यंत तो हसायला लागला होता.

"माले दे एक. मी मंगलाले दखाडी येस!"

"सुकू तर दे, माय!"

पण पदर खोचून, ओला पूल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, जमनाबाई गुडघाभर पाण्यातून पलीकडे निघालीसुद्धा.