माईंच्या मरणाची तारीख

सिंगापुरातल्या ए-लेव्हलच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षेत क्षिप्रा केमिस्ट्रीत आपटली होती, आणि मेडिकलच्या फॉर्मवर त्याचं कारण द्यायचं होतं. ‘लाडक्या आजीच्या निधनाचा धक्का’, असं नीलिमानं लेकीच्या वतीनं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल अशा इंग्रजीत लिहिलं. तो कागद पुंगोलच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलावर राहिला आणि नेमका पुण्याहून आलेल्या सासूबाईंच्याच हाती लागला. माई निवृत्त मुख्याध्यापिका. नीलिमाला तर तोंड कुठं लपवू असं झालं.

माईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि लाल पेन मागितलं.

“पेपर नोव्हेंबरात, आणि मला डिसेंबरात मारतेस होय? सप्टेंबर कर. आणि अशी एकदम नको घालवूस गं. वर्षभर अंथरुणाला खिळव, म्हणजे हिला सेवेचेही मार्क मिळतील.”