अप्पांची खटपट

मुलाखतीच्या रांगेत जगदेवीच्या पुढे तहसीलदारांची मुलगी होती आणि मागे कुण्या इंजिनिअरचा मुलगा. 'चहा पिऊन येतो' म्हणून गेलेले अप्पा अजून परतले नव्हते. ती सारखी फाटकाकडे बघत होती.

या सरकारी कला महाविद्यालयात एके काळी रांग लावायला माणूस मिळत नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात प्राध्यापक मंडळी खडी फोडणाऱ्या पोरांना कामावरून उठवून आणत आणि वर्ग भरवत. नाही तर कॉलेजला टाळंच लागलं असतं. ज्याला कुठे जागा नाही त्याने इथे यावं, असं लोक तोंडावर म्हणायचे. पुढे इथली काही पोरं परीक्षा देऊन साहेब झाली. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आणि आता पुन्हा दुष्काळ पडलेला असताना साठ जागांसाठी हजारभर अर्ज आले होते. नाकं मुरडणाऱ्यांचीच लेकरं आता भांग पाडून रांगेत उभी होती.

प्राचार्य नरसिंगराव कडक माणूस. वशिला घेऊन आलेल्याचं नाव ते तिथल्या तिथे कापत. सख्ख्या मेव्हण्याच्या पोराला त्यांनी असंच परत पाठवलं होतं. या गोष्टीचा त्यांना स्वतःलाच फार अभिमान होता, आणि लोकही एसटीत बसल्या बसल्या ती एकमेकांना सांगत.

जगदेवी निलंग्याकडच्या एका खेड्यातली. अप्पांचं, म्हणजे तिचे वडील शिवप्पा यांचं, तिथे किराणा दुकान होतं. तिचा मामा शरणप्पा तिला सून करून घ्यायला हटून बसला होता. मामाच्या मुलाची, वीरण्णाची, पहिली बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. का आली नाही, ते घरात कुणी बोलत नव्हतं. जगदेवीने ते त्या बायकोच्याच तोंडून, तिच्या हातावरचे चटक्यांचे डाग बघत ऐकलं होतं.

तिने अन्न सोडलं तेव्हा अप्पा नमले. पूजेला बसले असताना, तळहातावर इष्टलिंग घेऊन ते म्हणाले, "लातूरच्या त्या कॉलेजात नाव लागलं, तर तीन साल लग्नाचं नाव काढणार न्हाई. न्हाई लागलं, तर मामाच्या घरी जायचं." इष्टलिंगाची शपथ अप्पा मोडणार नाहीत, याची तिला खात्री होती. त्यानंतर वर्षभर ती चुलीपुढेसुद्धा पुस्तक घेऊनच बसली.

शिपायाने तिचं नाव पुकारलं.

"कला शाखाच का?" प्राचार्यांनी मान वर न करता विचारलं. सकाळपासून याची तीच ती उत्तरं ऐकून त्यांचे कान किटले होते.

"आमच्या गावात टँकर येतो, सर. आधी कुणाच्या घागरी भरायच्या ते एक माणूस ठरवतो. त्यानेच ठरवायचं, हे कुणी ठरवलं? मला ते शिकायचंय."

नरसिंगरावांनी मान वर केली. त्या दिवशी ते पहिल्यांदाच हसले. "याला राज्यशास्त्र म्हणतात, पोरी," ते म्हणाले आणि त्यांनी पेन उचललं. जगदेवीला वाटलं, लागलं नाव.

तेवढ्यात दार उघडलं. पंचायत समितीचे नवे सभापती अमृतराव आत आले आणि त्यांच्या मागून, टोपी हातात धरून, अप्पा.

"सर, ही आपली माणसं हायेत," सभापती म्हणाले. "पोरगी लई हुशार हाय. तेवढं नाव घेऊन टाका."

अप्पा तर वाकून प्राचार्यांचे पायच धरू लागले. "साहेब, येकुलती येक लेक हाय माझी. सभापतीसाहेबाच्या शब्दाला मान द्या!"

नरसिंगरावांनी सभापतींना बसायला सांगितलं, चहा मागवला आणि तिच्या अर्जावर आडवी रेघ मारली.

"सर, मी काही सांगितलं नव्हतं त्यांना!"

"तुझा दोष नाही. पण तुला सूट दिली, तर उद्या या दारात जीपगाड्या उभ्या राहतील." त्यांचा आवाजही जड झाला होता. माणूस वाईट नव्हता, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नव्हतं. "पुढचा उमेदवार," ते म्हणाले.

बाहेर अप्पा उपरणं डोळ्यांना लावून पायरीवर बसले होते. जगदेवीला आधी त्यांचा संताप आला. मग त्यांचे हलणारे खांदे दिसले आणि तिचंच मन भरून आलं. आपल्यासाठी या माणसाने आज लोकांचे पाय धरले.

"म्या घात केला गं तुझा," अप्पा म्हणाले.

"असं बोलू न्हाई अप्पा. तुमाला काय ठाव व्हतं? माझ्यापायीच खटपट केली न्हवं तुमी." तिने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं आणि उन्हातून बसस्टँडवर आणलं.

तिथे शरणप्पा मामा निकालाची वाट बघत उभाच होता. जगदेवीला त्याचं तोंडही बघवेना. अप्पांचा घसा कोरडा पडला होता, म्हणून तांब्या घेऊन ती टँकरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांग लांबलचक होती.

"काय झालं, दाजी?" मामाने विचारलं.

"न्हाई लागलं नाव. कुंकवाची तारीख काढा."

"सुटलो बाबा! माझा जीव नुस्ता टांगणीला व्हता. पोरगी हुशार. नाव लागलं असतं, तर काय करणार व्हता?"

शिवप्पांनी रांगेतल्या लेकीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कसं लागंल? वशिला आणला की ह्यो सर नाव काटतो, हे अख्ख्या जिल्ह्याला ठाव हाय. म्हणून तर सभापतीच्या हातापाया पडून त्येला आत नेलं."