खिडकीतला एक्स-रे

देवजीच्या छातीचा एक्स-रे अजून खिडकीतच होता. "यात काही नाही, साधा खोकला आहे," असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा देवजीने ती फिल्म फुटक्या काचेच्या जागी ठोकून टाकली होती. वर्षभरात तो फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेला.

त्याची बायको सुकी हिच्या वतीने मी डॉक्टरवर भरपाईचा दावा दाखल करणार होते. त्या फिल्ममध्ये गाठ दिसली, तरच त्याची चूक सिद्ध होणार होती. म्हणून डहाणूच्या कोर्टातून मी तशीच, काळ्या कोटात, तलासरीजवळच्या तिच्या पाड्यावर आले.

दुपारच्या उन्हाने फिल्म उजळली होती. बरगड्यांमध्ये सुपारीएवढा पांढरा डाग होता.

"हा बघा! आंधळ्यालाही दिसेल," मी चिडून म्हणाले.

सुकी फिल्मकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या कोटावर होती. फिल्ममधून आलेल्या उन्हात तो डाग माझ्या छातीवर पडला होता.

तिने कोयत्याने खिळे उपसले आणि फिल्म माझ्या हातात दिली.

डाग कोटावर तसाच राहिला.

मी तो झटकला. आतल्या अंधाऱ्या खोलीत गेले, तर तिथे तो जास्तच उजळ दिसायला लागला.

घाईने दारात येऊन मी फिल्म उन्हात धरली. बरगड्या होत्या. त्यांच्यामध्ये काहीच नव्हतं.

"काही नाही हो, उन्हाने डोळे दिपलेत," म्हणताना मला खोकला आला.

सुकी एक पाऊल मागे सरकली.

"डॉक्टर पण असाच बोलला होता, ताई."