लाल शाईतला शेरा

आई इथे परदेशात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते, पण इथल्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नाही. माझ्या शाळेच्या डायरीतले बाईंचे लाल शेरे मीच वाचून दाखवते, "गुणी मुलगी, सगळ्यांत मिसळते!" मग ती खुशीत सही ठोकते.

काल शिक्षक दिन. आपल्याकडच्यासारखं विद्यार्थ्यांना शिक्षक करायची तिला हौस आली. तिच्या वर्गातला टकलू बेकरीवाला सर झाला आणि आई बाकावर बसली.

घरी आली ती वही नाचवतच. "बघ, सरांनी मलाही शेरा दिलाय. अगदी तुझ्यासारखाच!"

"अय्या, गुणी मुलगी!"

"मीही तेच म्हणाले."

 

आईने वही मिटली. "मग सरांनी इंग्रजीत अर्थ सांगितला, ‘तोंड बंद ठेवत नाही.’ काढ त्या जुन्या डायऱ्या!"