मडक्याचं डोकं

मडकं फुटावं म्हणून देवाला आळवणारी, गाड्या आपटून बघायच्या त्या माळावर, एकटी रंगुबाईच. बाकीच्या बायकांना ते धड हवं होतं. आत प्यायचं पाणी होतं, मडकं शाबूत राहिलं तर ते त्यांना मिळायचं, आणि बहात्तरच्या त्या दुष्काळात नगरच्या आसपास घोटभर पाण्यासाठी भांडणं होत होती.

फटफटीवर बसवलेला गडी रंगुबाईनंच शिवला होता. गोणपाटाच्या अंगात वाळू, मानेवर डोकं म्हणून पाण्यानं भरलेलं मडकं, त्यालाही वरून गोणपाट. जीपनं दोर ओढायचा, फटफटी भिंतीवर घालायची. गोणपाट ओलं झालं की साहेब म्हणायचे, स्वार मेला. अशी ती तपासणी.

"आज हेल्मेट नको," साहेब म्हणाले. "घाटातल्या कठड्यावर आपटतात ना, तसं बघू."

रंगुबाईचा मुलगा कानिफ करंजीच्या घाटात असाच रात्री फटफटीवरून कठड्यावर आपटला होता. सापडला तो उजाडल्यावर. जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नसेल, असं जो तो सांगायचा. त्या एका बोलावर ती माउली वर्षभर दोन घास गिळत होती.

"फुटंल ना वो, सायेब?"

"बघू की."

दोर ताणला. फटफटी सुसाट जाऊन भिंतीवर धडकली आणि गडी हँडलवरून उडून फुफाट्यात पडला. साहेब धावले. त्यांनी डोकं चाचपलं. गोणपाट कोरडं होतं.

"वाचलं," साहेब खूश होऊन म्हणाले. "कंबर गेली, पण डोकं शाबूत. असा माणूस सकाळपर्यंतसुद्धा तग धरतो. कुणी पोचायला मात्र हवं."

बायकांतली साळूबाई मडक्यातल्या पाण्यासाठी कळशी घेऊन पुढं आली होती. तिला कानिफचं ठाऊक होतं. ती तिथंच थांबली.

रंगुबाई फुफाट्यात बसली. तिनं गड्याला मांडीवर घेतलं, मानेवरचं गोणपाट उसवलं, मडकं काढलं.

"लई हाका मारल्या असतील रं," ती म्हणाली.

आणि त्या उघड्या गळ्यात ती घोट घोट पाणी सोडत राहिली. वाळू पीत होती. कळश्या घेऊन आलेल्या बायकांपैकी एकीनंही तिचा हात धरला नाही.